मॅडम, एकीला जाऊ?

आमच्या वर्गात दिवसातून दहा वेळा ऐकू येणारं वाक्य कुठलं, असं कुणी विचारलं तर उत्तर सोपं आहे. "मॅडम, एकीला जाऊ?" शाळा उर्दू माध्यमाची. आम्ही उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो. मराठीच्या तासाला हा प्रश्नही मराठीतच विचारायचा, हा नियम आमचाच. 'एकी' म्हणजे एकजूट हा दुसरा अर्थ सांगितला, त्या दिवशी मागच्या बाकावरची चारही मुलं एकजुटीने उठली होती. आणि गेली अठरा वर्षं आमचं उत्तरही ठरलेलं होतं. "आत्ताच मधली सुट्टी झाली ना? बस खाली. थोडं धरून ठेवायला शीक."

घरात 'हम' म्हणायची सवय आहे, म्हणून लिहितानाही 'आम्ही'च येतं. कधी ते एकटीचं आहे, कधी मुलांचे अब्बा धरून दोघांचं. वाचक समजून घेतील.

आमची थोरली मुलगी, घरातलं नाव गुड्डी, चार वर्षांची असताना तिला ताप येऊ लागला. दीड वर्षात चार वेळा. सर्दी नाही, खोकला नाही, एकदम १०३ पर्यंत ताप आणि अंगाला थरथर. दर वेळी आम्ही गल्लीच्या तोंडाशी असलेल्या दवाखान्यात गेलो, दर वेळी घसा पाहिला गेला, दर वेळी 'व्हायरल आहे' म्हणून तीन दिवसांचं औषध मिळालं. लघवी तपासा, असं कुणी म्हटलं नाही. पण सगळा दोष तिकडे टाकून आम्ही मोकळं होणार नाही. लघवी करताना ती रडते, कधी चड्डीत दोन थेंब सांडते, हे आम्हाला माहीत होतं आणि आम्ही ते डॉक्टरांना सांगितलं नव्हतं. उन्हाळा आहे, उष्णता झाली असेल, असं म्हणून दादी धणे-जिऱ्याचं पाणी द्यायच्या. मुलीच्या जातीचं लघवीचं बोलणं परक्या पुरुषासमोर कशाला, हा विचार मनात नव्हता असं म्हणणं खोटं होईल.

चौथ्या तापाला एका तरुण डॉक्टर बाई भेटल्या. त्यांनी घसा पाहायच्या आधी विचारलं, "लघवीचं काय?" कल्चर झालं, ई-कोलाय जंतू निघाले. सोनोग्राफीत उजवी किडनी डावीपेक्षा थोडी लहान दिसली. मग नळी घालून, मूत्राशयात डाय भरून एक्स-रे काढायची तपासणी झाली आणि आजाराचं नाव कळलं: रिफ्लक्स, तिसरा ग्रेड. एकूण ग्रेड पाच. आजाराचा अर्थ एवढाच की लघवी उलटी जाते.

हे उलटं जाणं आम्हाला मुलीच्या अब्बांनी समजावलं, तेही पाणचक्कीची आठवण काढून. आमच्या शहरातला माणूस लहानपणी एकदा तरी पाणचक्कीला गेलेला असतो. डोंगराकडचं पाणी जमिनीखालून खापरी नळांतून येतं आणि नुसत्या दाबावर उंच भिंतीत चढून हौदात पडतं. पाण्याला दाब मिळाला की ते वर चढतं, खाली वाहणं हा काही त्याचा नियम नाही. मूत्राशयाचंही तसंच. किडनीकडून येणारी नळी मूत्राशयाच्या भिंतीत थोडं अंतर तिरकी चालून आत उघडते. मूत्राशय भरलं की भिंतीच्या दाबाने तो तिरका भाग आपोआप मिटतो, म्हणून लघवी मागे फिरत नाही. काही मुलांत हा तिरका तुकडा जन्मतःच आखूड असतो. मग दाब आला की लघवी उलटी किडनीकडे चढते. खाली जंतू असतील तर तेही चढतात आणि किडनीला व्रण पडू शकतो. मूल वाढतं तसा तो तुकडाही लांबतो, म्हणून सौम्य रिफ्लक्स बहुतेक मुलांत वयाबरोबर आपोआप जातो. गुड्डीचा मधलाच होता. जाईलही, न जाईलही.

काही महिन्यांनी आमच्याच शहरात डीएमएसए नावाचा स्कॅन झाला. शिरेतून दिलेलं औषध किडनीत जाऊन बसतं आणि जिथे व्रण असेल तिथे चित्रात खळगा दिसतो. उजव्या किडनीच्या वरच्या टोकाला खळगा होता. कामाची वाटणी डावीकडे ५८, उजवीकडे ४२. चार तापांपैकी नेमका कुठला ताप हा खळगा करून गेला असेल, याचा हिशेब आम्ही बरेच दिवस करत होतो. त्याला उत्तर नसतं.

रोज रात्री अँटिबायोटिकचा छोटा डोस सुरू झाला. दादींना ते अजिबात पसंत नव्हतं. चांगल्या भल्या, हसत्या-खेळत्या पोरीला रोज औषध? खरं सांगायचं तर आम्हालाही पसंत नव्हतं. डॉक्टर बाईंना विचारलं, तेव्हा त्यांनी २०१४ साली छापून आलेल्या एका अमेरिकन अभ्यासाची गोष्ट सांगितली. ६०७ मुलं, दोन वर्षं. निम्म्यांना रोजचा डोस, निम्म्यांना तसंच दिसणारं पण औषध नसलेलं सरबत. डोसवाल्या मुलांत पुन्हा इन्फेक्शन होण्याचं प्रमाण सुमारे निम्म्यावर आलं. नव्या व्रणांत मात्र दोन्ही गटांत फरक दिसला नाही. "म्हणजे औषध ताप वाचवतं, किडनी वाचवेलच असं नाही?" आम्ही विचारलं. "तुमच्या मुलीला वारंवार ताप येत होता, म्हणून देतोय," त्या म्हणाल्या, "आणि दीड वर्षाने पुन्हा पाहू. रिफ्लक्स गेला असेल तर बंद." त्यांनी पूर्ण खरं सांगितलं, हे आम्हाला आवडलं. अर्धवट दिलाशापेक्षा ते बरं.

ही पुन्हा पाहण्याची तपासणी न्यूक्लिअर मेडिसिनची असेल, असं ठरलं. एक्स-रेवाल्या तपासणीत आकार नीट दिसतो, ग्रेड ठरतो. मुलगा असेल तर लघवीच्या मार्गात पडदा आहे का तेही दिसतं, म्हणून मुलांसाठी पहिली तपासणी तीच. पण एक्स-रे थांबून थांबून घेतात, नाहीतर किरणं जास्त लागतात. रिफ्लक्स मात्र चुकार मुलासारखा, पाठ फिरली की उठणारा. न्यूक्लिअर तपासणीत कॅमेरा सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकसारखा पाहत राहतो, तरीही किरणांचा हिशेब कमी राहतो. आकार धूसर दिसतो, पण आकार आता आम्हाला माहीतच होता. लघवी वर जाते की नाही, एवढंच पाहायचं होतं.

लहान मुलांची ही तपासणी नेहमी करणाऱ्यांकडे न्या, असं डॉक्टर बाई म्हणाल्या. भायखळ्याला मुलांची खाला राहते, तेव्हा मुंबईचं ठरलं.

आणि घरात दोन वादळं उठली.

पहिलं 'न्यूक्लिअर' या शब्दाचं. दादी म्हणाल्या, "ॲटमबॉम्बचं औषध पोरीच्या पोटात घालणार?" त्यांच्या पिढीला हिरोशिमा ठाऊक आहे, त्यांचं काय चुकलं? दुसरं वादळ मुलीच्या फुफीने आम्हाला स्वयंपाकघरात नेऊन कानात विचारलं. नळी घालणार म्हणजे कुठे? आणि उद्या लग्नाच्या वेळी काही प्रश्न तर नाही ना उभा राहणार? पहिल्या तपासणीच्या वेळी हा प्रश्न कुणी विचारला नव्हता, कारण तेव्हा आम्ही कुणाला सांगितलंच नव्हतं. भगिनींनो, हा प्रश्न अनेक घरांत मनातल्या मनात राहतो आणि त्यापायी तपासणी टळते, म्हणून इथे उघड लिहितो. लघवीची वाट वेगळी, तिचं तोंड वेगळं. बारीक मऊ नळी त्याच तोंडातून मूत्राशयात जाते, दुसऱ्या कशाशी तिचा संबंध येत नाही. आम्ही स्वतः डॉक्टर बाईंना विचारून आलो आणि फुफीला त्याच स्वयंपाकघरात सांगितलं. त्या म्हणाल्या, "आम्ही एवढ्या मोठ्या झालो, हे आम्हाला कुणी सांगितलंच नाही."

दादींची समजूत मात्र मुंबईहून परतल्यावरच पटली.

देवगिरी एक्सप्रेसने निघालो. धाकटा दोन वर्षांचा, त्याला खालाकडे ठेवला आणि टॅक्सीने पुढे गेलो. तिथले तंत्रज्ञ मोठे बोलके गृहस्थ. अब्बांनी विज्ञानाचे दोन प्रश्न विचारले आणि त्यांना मनासारखा विद्यार्थी मिळाला.

त्यांनी सांगितलं ते असं. औषधातला किरण देणारा भाग म्हणजे टेक्नेशियम. १९३७ साली इटलीत पालेर्मो इथे सेग्रे आणि पेरिए या दोघांनी ते ओळखलं. माणसाने कृत्रिमरीत्या मिळवलेलं हे पहिलं मूलद्रव्य, म्हणून 'कृत्रिम' या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून नाव. उर्दूत आपण ज्याला मसनूई म्हणतो ते. इस्पितळात वापरतात त्या टेक्नेशियमचं अर्धं आयुष्य सहा तास. म्हणजे सकाळी जेवढं असेल त्याचं दुपारी निम्मं आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळी सोळावा हिस्सा. असली वस्तू दुकानात साठवून ठेवता येत नाही. म्हणून मॉलिब्डेनम नावाची तिची आई शिशाच्या डब्यात बसवून आणतात. तिचं अर्धं आयुष्य ६६ तास. ती आत बसून सतत टेक्नेशियम तयार करत राहते, आणि रोज सकाळी मिठाचं पाणी घालून ते काढून घेतात. "आम्ही या डब्याला गाय म्हणतो," ते म्हणाले. "रोज धार काढायची. आठवडाभर दूध देते, मग आटते." गुड्डीला हे फार आवडलं. गाय दाखवा म्हणाली. ते काही त्यांनी दाखवलं नाही.

या विद्येचं आपल्या देशातलं जुनं घर परळलाच आहे. ट्रॉम्बेला १९५६ च्या ऑगस्टमध्ये 'अप्सरा' ही अणुभट्टी चालू झाली आणि १९६३ साली अणुऊर्जा खात्याने परळला रेडिएशन मेडिसिन सेंटर काढलं. आणि तंत्रज्ञ म्हणाले ते वाक्य अब्बांनी घरी येऊन दादींना जसंच्या तसं सांगितलं: "एक्स-रेचं मशीन किरणं सोडतं. आमचा कॅमेरा काहीच सोडत नाही, तो फक्त पाहतो. किरणं औषधातून येतात आणि औषध लघवीबरोबर निघून जातं." या तपासणीत औषध शिरेतही देत नाहीत, थेट मूत्राशयात सोडतात, त्यामुळे रक्तात जवळपास काही जात नाही. जमीन, हवा, अन्न यांतून माणसाला जगभरात सरासरी वर्षाला २.४ मिलिसीव्हर्ट किरणं मिळतात. या तपासणीतली त्याचा लहानसा भाग असतात. दादींनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "गायीचं दूध म्हणाले ना ते? मग ठीक आहे." समजूत पटण्याची वाट प्रत्येकाची वेगळी.

तपासणीच्या खोलीत पुरुष बाहेर गेले, एक तंत्रज्ञ बाई आणि डॉक्टर बाई राहिल्या. तुम्ही गरोदर नाही ना, असं विचारून आम्हाला गुड्डीच्या डोक्याशी बसू दिलं. जेल लावून नळी घातली, तेव्हा ती दोन मिनिटं रडली. मग बाटलीतलं मिठाचं पाणी हळूहळू आत जाऊ लागलं आणि त्याबरोबर ते औषध. सहा वर्षांच्या मुलाचं मूत्राशय किती धरतं याचा हिशेब सोपा: वयात दोन मिळवा, तिसाने गुणा. २४० मिलिलिटर.

पडद्यावर काळ्यात पांढरे ठिपके जमू लागले. त्यांचा एक गोळा झाला, मोठा होत गेला. हाडं नाहीत, आतडी नाहीत, काही नाही, नुसता एक उजळ गोळा आणि वर दोन्ही बाजूंना अंधार. शाबानच्या एकोणतिसाव्या संध्याकाळी गच्चीवर उभं राहून आपण आभाळाचा एक कोपरा जसा न्याहाळतो, तसं आम्ही त्या अंधाराकडे पाहत होतो. फरक एवढाच की तिथे दिसावं म्हणून दुआ असते.

गोळा पूर्ण भरला तरी अंधार तसाच राहिला. दीड वर्षापूर्वी भरतानाच लघवी वर चढली होती. डॉक्टर बाई म्हणाल्या, "छान. आता लघवी करायची. हीच खरी वेळ आहे. दाब सगळ्यात जास्त तेव्हाच असतो."

गुड्डीला बसवून खाली भांडं ठेवलं, कॅमेरा पाठीमागे आला. आणि ती करेना.

पाच मिनिटं गेली. बेसिनचा नळ सोडला. कोमट पाणी पायावर घातलं. दहा मिनिटं. तिचं पोट ताठ झालेलं, ओठ दाबलेले, डोळ्यांत पाणी, पण एक थेंब सोडायला तयार नाही. तंत्रज्ञ बाई समजावून थकल्या. बाहेर पुढचं मूल थांबलेलं. पंधरा-वीस मिनिटांनी तिने आमच्याकडे मान वळवली आणि अगदी हळू विचारलं, "अम्मी, जाऊं?"

आम्ही काही वेळ बोलू शकलो नाही. हा आवाज आमच्या ओळखीचा होता. अठरा वर्षं ऐकलेला. बोट वर केलेलं, पाय एकमेकांवर दाबलेले, चेहऱ्यावर नकार ऐकायची तयारी. ती पहिलीत आमच्याच शाळेत आहे. तिच्या वर्गावर आम्ही नाही, पण नियम सगळ्या वर्गांत एकच.

"जा बेटा," आम्ही म्हटलं. "सोड."

तेवढ्यात पडद्यावर उजव्या बाजूला एक बारीक शेपटी वर गेली. किडनीपर्यंत पोचली नाही, अर्ध्यात थांबली आणि मूत्राशय रिकामं होताना पुन्हा खाली उतरली. डाव्या बाजूला काही नाही. रिपोर्टमध्ये लिहून आलं: उजवीकडे सौम्य रिफ्लक्स, फक्त लघवीच्या वेळी. गेला नाही, पण उतरला. अल्हम्दुलिल्लाह.

त्या दिवशी डॉक्टर बाईंनी रिपोर्टपेक्षा जास्त वेळ दुसऱ्याच गोष्टीला दिला. दिवसातून किती वेळा जाते? शाळेत जाते का? संडास रोज होतो का? पाणी किती पिते? मूल सतत धरून ठेवतं तेव्हा मूत्राशय आणि खालचे स्नायू एकमेकांशी भांडायला शिकतात, म्हणाल्या. सोडायचं ठरवलं तरी दार नीट उघडत नाही, लघवी मागे उरते, जंतू वाढतात, दाब वाढतो. बद्धकोष्ठ असेल तर आणखी. अशा मुलांचा रिफ्लक्स उशिरा जातो आणि इन्फेक्शन पुन्हा होतं. नळीचा आखूड तुकडा जन्माचा आहे, तो कुणाच्या हातात नाही. हे मात्र हातात आहे. दर अडीच-तीन तासांनी, लागो न लागो, पाठवायचं. घाई न करता, पाय जमिनीवर टेकवून.

गुड्डीने तिथेच सांगून टाकलं, शाळेत मी कधीच जात नाही. आणि जाऊ नये म्हणून पाणीही पीत नाही. तिथे घाण वास येतो. डब्यात पाणी नसतं.

हे खरं आहे. आमच्या शहरात नळाला कित्येक दिवसांनी एकदा पाणी येतं. घराघरांत ड्रम, टाक्या, टँकरच्या वेळा, हे आमचं वेळापत्रक. शाळेत स्वच्छतागृहं आहेत, त्यांना दारंही आहेत; पाणी नाही. तहारतची सवय लागलेल्या मुली पाणी नसेल तिथे जातच नाहीत. सकाळी घरून निघतात आणि दुपारी घरी पोचून धावतात. आम्ही शिक्षिकाही तेच करतो, हे आम्हाला तिथे बसल्या बसल्या लक्षात आलं. शिक्षकांच्या खोलीत लघवीच्या जळजळीवरची गोळी कुणाच्या ना कुणाच्या पर्समध्ये असतेच.

भावंडांतही रिफ्लक्स असू शकतो, साधारण चारातल्या एकात, म्हणून धाकट्याची सोनोग्राफी करून घेतली. ती ठीक निघाली. ताप आला तर आधी लघवी तपासायची, एवढंच त्याच्या फाइलवर लिहून ठेवलं आहे.

शाळेत परतल्यावर मुख्याध्यापिकांशी बोललो. त्या लगेच तयार झाल्या असं नाही. टँकरचे पैसे, ड्रम ठेवायला जागा, शिपाई एकच. शेवटी पालक सभेत गुड्डीचं नाव न घेता सगळं सांगितलं, आणि बायकांच्या बाजूने इतके हात वर झाले की सभा लांबली. एका आईने उभं राहून सांगितलं, तिची मुलगी दोन वर्षांपासून तेच धणे-जिऱ्याचं पाणी पिते आहे. आता मुलींच्या बाजूला दोन ड्रम आहेत आणि ते भरण्याची वर्गावार पाळी लावली आहे. पाणी उशिरा आलं त्या आठवड्यात ते रिकामे असतात. तेव्हा जवळच्या घरून चार घागरी मागून आणतो.

गुड्डीचं रात्रीचं औषध अजून चालू आहे. रक्तदाब आणि लघवीची तपासणी दर काही महिन्यांनी होते, व्रणाची किडनी आयुष्यभर सांभाळायची असते. पुढची कॅमेऱ्याची तपासणी वर्षाने. तिच्या दप्तरात पाण्याची मोठी बाटली असते आणि ती संपवून आणली तर दादी एक रुपया देतात. कधी कधी बाटली शाळेच्या झाडाला पाजली जाते असा आम्हाला संशय आहे.

आमच्या वर्गात आता विचारायचं नाही, नुसतं उठून जायचं. मागच्या बाकावरचा एक जण या नियमाचा पुरेपूर फायदा घेतो. दिवसातून पाच वेळा जातो, आणि पतंगांच्या दिवसांत तर सात वेळा. तिथल्या भिंतीवरून रोशन गेटकडचं आभाळ चांगलं दिसतं, हे आम्हालाही माहीत आहे. परवा व्याकरणाच्या तासाला तो पुन्हा उठला. आम्ही फळ्यावरून मान वळवली, त्याने पाहिलं, आम्ही पाहिलं, आणि तो गेला.